ॲटिकस फिंच व न्यायाधीश हॉर्टन

हार्पर ली ह्या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी 1960 साली प्रसिद्ध झाली, पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून नैतिक धैर्य म्हणजे काय हे तरुणांस शिकवावयाचे झाल्यास त्या देशातील शिक्षक बहुधा हेच पुस्तक त्यांच्या हाती देत आले आहेत. पुस्तक अत्यंत वाचनीय आहे हे आरंभीच सांगून टाकणे बरे. लहान मुलीच्या दृष्टीने एक सबंध गाव उभे करणे सोपे नव्हे, आणि लेखिकेने ते असे उभे केले आहे की तेथील अंगणे व ओसऱ्या आपल्या पायांखालच्या वाटाव्यात. प्रश्न आहे तो पुस्तकाच्या गोडीचा नव्हे. त्यातून धैर्याची जी कल्पना वाचक घेऊन उठतो तिचा आहे.

कथा बहुतेकांस ठाऊक असेल. अलाबामा राज्यातील मेकोंब नावाचे कल्पित गाव. काळ 1930 नंतरच्या मंदीचा. टॉम रॉबिन्सन ह्या कृष्णवर्णी मजुरावर मायेला यूएल ह्या गोऱ्या तरुणीने बलात्काराचा आरोप केला आहे. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. न्यायाधीश टेलर त्याच्या बचावासाठी ॲटिकस फिंच ह्या प्रतिष्ठित वकिलाची नेमणूक करतात. ॲटिकस आरोपाच्या चिंधड्या उडवितो. तरीही गोऱ्या पुरुषांची ज्यूरी टॉमला दोषी ठरविते, आणि पुढे तुरुंगाच्या शेतावरून पळू पाहताना सतरा गोळ्या लागून तो मरतो. ही हकीकत सांगते ॲटिकसची धाकटी मुलगी स्काउट.

ॲटिकसवर टीका करणारे लोक त्याच्या देशात निघाले नाहीत असे नव्हे. कायद्याचे एक अध्यापक मनरो फ्रीडमन ह्यांनी 1992 साली असा आक्षेप घेतला की, ॲटिकसने हा खटला स्वखुशीने घेतला नव्हता; न्यायालयाने तो त्याच्या गळ्यात घातला. ह्या लेखावर वकीलमंडळी बरीच संतापली. आमच्या मते हा आक्षेप दुबळा आहे. नेमणूक झालेला वकील दोन प्रश्न विचारून खाली बसू शकतो, आणि त्या काळी दक्षिणेत पुष्कळ वकील नेमके तेवढेच करीत. मेकोंबच्या लोकांचा रागही ॲटिकसच्या नेमणुकीवर नाही. तो खरोखरच बचाव करावयास निघाला आहे, ह्यावर आहे. हे लेखिकेने गावकऱ्यांच्याच तोंडून आपल्याला ऐकविले आहे. तेव्हा ॲटिकसने आपले कर्तव्य केले ह्यात शंका नको. शंका आहे ती त्याने मुलांना शिकविलेल्या धड्याविषयी.

तो धडा मिसेस ड्युबोज ह्या वृद्धेच्या निमित्ताने येतो. ह्या बाईंना दुखण्यापायी मॉर्फीनचे व्यसन लागलेले असते, आणि मरण्यापूर्वी त्यातून सुटावयाचेच, असा त्यांचा निर्धार असतो. त्या सुटतात व मरतात. आणि आपण पाहिलेल्या माणसांत हीच सर्वांहून शूर, असे ॲटिकस मुलाला सांगतो. पराभव समोर दिसत असताही हाती घेतलेले काम शेवटास नेणे, हे त्याच्या मते धैर्य. व्याख्या थोर वाटते. पण ह्याच बाई ओसरीवर बसून त्या मुलांच्या बापाला, तो काळ्यांचा कैवार घेतो म्हणून, गलिच्छ शिव्या देत असतात! म्हणजे ह्या व्याख्येला वर्णद्वेषाशी काही कर्तव्य नाही. धैर्य कशासाठी, हे ती विचारीतच नाही. शिवाय मॉर्फीनशी झुंजणाऱ्या बाई हरल्या असत्या तर दुःख त्यांचेच होते. वकील हरतो तेव्हा मरतो दुसराच. लेखिकेचे वडील ए. सी. ली हेही वकील होते. 1919 साली त्यांनी दोन कृष्णवर्णी आरोपींचा बचाव केला, आणि त्या दोघांसही फाशी झाली. हा भेद लेखिकेच्या घरात कोणाला ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु कादंबरीत तो कोठे बोलून दाखविलेला नाही.

कल्पित मेकोंबच्या शेजारी त्याच राज्यातील एक खरा खटला ठेवून पाहावा. 1931 च्या मार्च महिन्यात अलाबामात एका मालगाडीवरून नऊ कृष्णवर्णी मुलांना व तरुणांना उतरवून घेण्यात आले. त्याच गाडीतील दोन गोऱ्या स्त्रियांवर त्यांनी बलात्कार केला, असा आरोप. स्कॉट्सबरो येथे काही दिवसांतच खटले उरकून आठ जणांस देहान्त शिक्षा सुनावण्यात आली. आरोपींना वकिलाचे खरे साहाय्य मिळाले नाही, ह्या कारणास्तव 1932 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. 1933 साली डिकेटर येथे हेवूड पॅटरसनवर पुन्हा खटला चालला, तो न्यायाधीश जेम्स हॉर्टन ह्यांच्यापुढे. आरोप करणाऱ्या दोघींपैकी रूबी बेट्स हिने ह्या वेळी साक्षीस उभे राहून आपले पूर्वीचे म्हणणे खोटे होते असे सांगितले. तरीही ज्यूरीने पॅटरसनला दोषी ठरविले व मरणाची शिक्षा फर्माविली. जून महिन्यात हॉर्टन ह्यांनी, पुरावा ह्या निर्णयास आधार देत नाही असे सविस्तर लिहून, तो निर्णय रद्द केला आणि नव्याने खटला चालविण्याचा हुकूम दिला.

अलाबामात न्यायाधीश निवडून येतात. 1934 च्या निवडणुकीत हॉर्टन पडले, आणि त्यांची न्यायाधीशी तेथेच संपली.

आता कादंबरीकडे वळावे. खटल्यानंतर लवकरच राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक येते, आणि मेकोंबचे लोक ॲटिकसला नेहमीप्रमाणे बिनविरोध निवडून देतात. लेखिकेने हे एका वाक्यात, सहज जाता जाता सांगितले आहे, आणि वाचकही त्यावरून सहज पुढे जातो. आम्हांला मात्र संबंध पुस्तकात ह्याहून बोलके वाक्य दिसत नाही. गावाने ॲटिकसला क्षमा का केली? तो हरला म्हणून. त्याचे भाषण सुंदर झाले, त्याने सर्वांच्या मनाला थोडी टोचणी लाविली, आणि निकाल गावाला हवा होता तोच लागला. अशा माणसाला पुन्हा निवडून देण्यात कोणाचे काय जाते? उलट, आपल्या गावात असा एक सज्जन आहे ह्याचा अभिमानच वाटतो. हॉर्टन ह्यांनी भाषण करून न थांबता निकालाला हात घातला. त्याबद्दल क्षमा नव्हती.

त्याच प्रकरणातला दुसरा मुद्दा ज्यूरीचा. न्यूयॉर्कहून आलेले वकील सॅम्युएल लायबोविट्झ ह्यांनी कृष्णवर्णी नागरिकांची नावे ज्यूरीच्या यादीत येऊच दिली जात नाहीत, ह्या गोष्टीवरच बोट ठेविले. आणि 1935 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. कादंबरीतील कालगणनेप्रमाणे टॉमचा खटला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चालतो. ॲटिकस ज्यूरीच्या रचनेवर न्यायालयात चकार शब्द काढीत नाही. समोर बसलेल्या बारा जणांच्या सदसद्विवेकाला तो आवाहन करतो. ते बारा तेथे कसे आले, हे विचारीत नाही. शेजाऱ्यांशी भांडण न करता त्यांना सुधारावे, ही त्याची वृत्ती आहे. ती आम्हांस हीन वाटत नाही; पण तिची मर्यादा कोठे आहे हे दिसावयास हवे. 2015 साली ‘गो सेट अ वॉचमन’ हे लेखिकेचे आधी लिहिलेले पुस्तक बाहेर आले. तीत वृद्ध ॲटिकस वर्णभेदाच्या कैवाऱ्यांच्या सभेत बसलेला पाहून हजारो वाचकांना धक्का बसला. आम्हांला तो तितकासा बसला नाही.

ॲटिकसलाही सोसावे लागलेच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. बॉब यूएल त्याच्या तोंडावर थुंकतो. पुढे मुलांवर हल्ला करतो, आणि त्यात जेमचा हात मोडतो. पण हा सगळा सूड यूएलच्या एकट्याच्या हातून घेतलेला आहे. आणि यूएल कोण? उकिरड्याशेजारी राहणारा, गोऱ्यांतही ज्याला कोणी दारात उभे करीत नाही असा दारुडा. टॉमला दोषी ठरविणारे बारा जण तर शेती करणारे, देवळात जाणारे गृहस्थ होते. गावाच्या द्वेषाचे सगळे पाप एका उपऱ्यावर ढकलले की गाव स्वच्छ राहते, आणि वाचकही.

‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीराव फुल्यांनी 1873 साली अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांस अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झिजलेले लोक होते. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी जोतीरावांची इच्छा होती. हा कित्ता गिरविणाऱ्यांत ॲटिकसला बसवावे काय? बसवावे, पण पहिल्या रांगेत नव्हे.

कारण त्याच न्यायालयात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, ह्याहून मोठे धैर्य प्रगट झाले होते. मायेलाची कामे फुकट का करीत होतास, असे सरकारी वकील टॉमला विचारतात. तिची कीव आली म्हणून, असे तो उत्तर देतो. काळ्या माणसाने गोऱ्या स्त्रीची कीव करावी! ह्या उत्तराने तो खटला हरतो, हे सर्वांच्या ध्यानात येते. गुन्ह्यापेक्षाही अक्षम्य अशी ही गोष्ट होती, कारण कीव वरून खाली येते. त्याने खोटे बोलावयास हवे होते, आणि काय बोलावे हे अलाबामात वाढलेल्या त्या माणसाला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्याच्या जिवाचा प्रश्न होता, आणि तो खरे बोलला. लोक ॲटिकसच्या भाषणाची वाखाणणी करतात. ह्या एका वाक्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

हॉर्टन ह्यांच्या त्यागानेही पॅटरसन सुटला नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. दुसऱ्या न्यायाधीशापुढे त्याला पुन्हा दोषी ठरविण्यात आले, आणि अखेर 1948 साली तो तुरुंगातून पळाला. पण त्याला मरणाच्या खुर्चीवर बसावे लागले नाही. नवांपैकी कोणालाच लागले नाही. त्यांतील शेवटच्या तिघांना अलाबामाने निर्दोषपणाची माफी दिली ती 2013 साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

निकालानंतरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ॲटिकस कागद आवरतो, टॉमच्या खांद्यावर हात ठेवून काही पुटपुटतो आणि मधल्या वाटेने निघून जातो. वर सज्जात दिवसभर बसलेले कृष्णवर्णी लोक त्याच्या मानार्थ उभे राहतात. त्यांचे धर्मोपदेशक स्काउटलाही उठावयास सांगतात. तो मात्र वर पाहत नाही. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि वाचकाचेही. टॉमला त्या खोलीतून कोणी, केव्हा नेले, हे स्काउटने पाहिलेले नाही.