थांबविणाऱ्याचें नांव

विद्यार्थ्यांच्या हातीं वर्तमानपत्र द्यावें कीं न द्यावें, या वादाचा निकाल महाराष्ट्रांत केव्हांच लागला आहे. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्या वेळीं वीस वर्षांच्या आसपासचे होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं स्थापिलेल्या सभेच्या मराठी शाखेनें १८५० सालीं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक सुरू केलें. शाळाशाळांतून निघणारीं हस्तलिखितें व भित्तिपत्रें हीं त्याच परंपरेचीं धाकटीं भावंडें होत. तेव्हां मुलांनीं लिहावें, हें सर्वमान्य आहे. मुलांनीं लिहिलेलें कोणीं, केव्हां व कोणत्या रीतीनें थांबवावें, हा प्रश्न मात्र अद्यापि सुटलेला नाहीं. आणि आज तो एका नव्या वेषांत आपल्यापुढें उभा आहे.

हा नवा वेष म्हणजे संपादनाचीं ऑनलाइन साधनें. पूर्वीं मुलाचा लेख कागदावर असे. मास्तर त्यावर तांबड्या शाईनें खुणा करीत, आणि कोणतें वाक्य गेलें व तें कोणीं घालविलें, हें मुलास उघड दिसे. आतां शाळा-महाविद्यालयांचीं पत्रें संगणकावर नि मोबाइलवर सिद्ध होतात. एकजण बातमी सुचवितो, दुसरा लिहितो, तिसरा तपासतो, चौथा मथळा देतो आणि शेवटीं कोणीतरी प्रसिद्धीचें बटण दाबतो. हे टप्पे बांधून देणाऱ्या प्रणाली आतां निघाल्या आहेत. अमेरिकेंतील विद्यार्थिपत्रांत वावरलेल्या तरुणांनीं २००९ च्या सुमारास वर्डप्रेससाठीं ‘एडिट फ्लो’ नांवाची जोडप्रणाली रचली. तींत प्रत्येक मजकुरास ‘सुचविलेला’, ‘सोंपविलेला’, ‘चालू’, ‘कच्चा’, ‘तपासणीस आलेला’ अशा अर्थाची पाटी लागते, आणि मजकुराच्या खालींच संपादकांस आपापसांत चर्चा करितां येते. आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी हेंच काम व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर व गूगल डॉक्सवर निभावून नेतात.

असें साधन बांधणारा पुष्कळदां स्वतः विद्यार्थीच असतो, आणि आपण केवळ सोय करीत आहों असें त्यास वाटतें. परंतु कोणतें बटण कोणास दिसावें हें ठरवितांना तो नकळत एक लहानशी राज्यघटना लिहीत असतो. तपासणीस दिलेला मजकूर पुढें कोठें गेला, हें वार्ताहरास कळेल काय? संपादकानें वाक्य गाळलें, तर त्याची नोंद राहील काय? शिक्षकांनीं ‘नामंजूर’ म्हटलें, तर त्यांस कारण लिहावें लागेल काय? या प्रश्नांचीं उत्तरें प्रणालींत एकदां गोठलीं, म्हणजे तीं नियम म्हणून कोणी वाचीत नाहीं. यंत्राची रीतच अशी, असें समजून सर्वजण तीं निमूटपणें पाळूं लागतात.

थांबविणारा कोणी नसावाच, असें म्हणणारा एक पक्ष आहे. त्यास आपल्याच इतिहासांतील गोष्ट सांगितली पाहिजे. ‘केसरी’ व ‘मराठा’ १८८१ सालीं निघालीं. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर या पत्रांनीं जे आरोप केले, त्यांचा आधार असलेलीं पत्रें न्यायालयांत खोटीं ठरलीं. आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. दोघेही तेव्हां सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्या हेतूविषयीं किंवा बुद्धीविषयीं शंका घेण्याचें कोणास धाडस होणार नाहीं. तथापि हेतु कितीही निर्मळ असला तरी तो पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं, हें त्या प्रकरणानें कायमचें शिकविलें. सव्विसाव्या वर्षीं टिळक-आगरकरांची जर ही गत झाली, तर पंधराव्या वर्षीं लिहिणाऱ्यास ‘हें तुला कोणीं सांगितलें?’ असें विचारणारा कोणी असावा, यांत त्याचा अपमान नाहीं.

उलट पक्षीं, थांबविणाऱ्याचा हात दिसेनासा झाला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत मिळतें. १९८३ सालीं मिसुरी संस्थानांतील हेझलवूड येथील शाळेच्या मुख्याध्यापकांनीं मुलांच्या पत्राचीं दोन पानें छपाईपूर्वीं काढून टाकलीं. एका लेखांत विद्यार्थिनींच्या गर्भारपणाचा आणि दुसऱ्यांत आईबापांच्या घटस्फोटाचा विषय होता. मुलांस आधीं कांहीं सांगितलें नव्हतें. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८८ सालीं पांच विरुद्ध तीन मतांनीं शाळेच्या बाजूनें निकाल लागला. मुख्याध्यापकांचीं कारणें अगदींच पोकळ नव्हतीं. लेखांतील मुली ओळखूं येतील, ही त्यांची भीति समजण्यासारखी होती. परंतु तीं कारणें मुलांसमोर मांडलीं असतीं, तर कदाचित् मुलांनींच लेख सुधारले असते. अधिकार कायदेशीर ठरला. शिकविण्याची संधि मात्र हातची गेली.

रोखण्याची न्याय्य रीत कोणती, हें समजून घेण्यास आम्हांस न्यायालयांपेक्षां एक लहानसें गांव अधिक उपयोगी वाटतें. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें पावसाच्या बाबतींत दरिद्रीच. वर्षास सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं १९९० नंतर या गांवाचा कायापालट झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या कायापालटांत बंधारे व चर यांचा वांटा मोठा. परंतु निषेधांचा वांटाही लहान नाहीं. कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली. शेतीसाठीं विंधनविहिरी नकोत असें ठरलें. ऊस-केळीसारखीं तहानलेलीं पिकें वर्ज्य झालीं. इतकीं बंधनें लोकांनीं कां सोसलीं? कारण तीं ग्रामसभेंत, सर्वांसमक्ष व आंकड्यांनिशीं घातलीं गेलीं. दरवर्षीं पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, माणसांचें नि गुराढोरांचें पिण्याचें पाणी आधीं राखावयाचें, आणि मग उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं, असा तेथील क्रम आहे. ज्याला ‘नाहीं’ म्हटलें जातें, त्याला तें कां म्हटलें हें कळतें, आणि उलट विचारण्याची जागाही त्याच सभेंत असते.

आतां अशी कल्पना करूं कीं, या गांवच्या शाळेंतील मुलांनीं आपलें एक पत्र काढलें, आणि एका मुलीनें लिहिलें कीं, अमुक विहिरीची पातळी सभेंत सांगितलेल्या आंकड्याहून खालीं आहे. शिक्षकांनीं मजकूर थांबविला. पडद्यावर नुसतें ‘नामंजूर’ उमटलें, तर मुलगी एवढेंच शिकेल कीं, सभेच्या आंकड्यांविषयीं बोलूं नये. परंतु त्याखालीं ‘मोजणी कोणत्या दिवशीं केली? दोरी कोणाची? दुसऱ्यानें मोजून पाहिलें काय?’ असें शिक्षकांच्या नांवानिशीं लिहिलेलें असेल, तर ती पुन्हा विहिरीवर जाईल. मजकूर दोन्ही वेळां थांबलाच. परंतु पहिल्या वेळीं भीति शिकविली गेली, दुसऱ्या वेळीं सत्यनिष्ठा.

याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीचे श्री. अण्णा हजारे यांनीं २००६ सालीं आळंदीस उपोषण केलें, तें कशासाठीं, याचें येथें स्मरण होतें. माहितीच्या अधिकारांतून सरकारी फायलींवरील टिपणें वगळण्याचा बेत होता. त्यास त्यांचा विरोध होता. निर्णय काय झाला एवढें कळून नागरिकाचें समाधान होत नाहीं. तो कोणीं व कां केला, हें टिपणांतूनच कळतें. नागरिकास जें हवें, तें उद्यांच्या नागरिकास शाळेंतच मिळूं लागावें, हें उचित नव्हे काय?

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच आहे कीं, थांबविण्याचा अधिकार असावा, पण तो निनावी व निष्कारण नसावा. साधन बांधणारानें नकाराच्या बटणापाशीं कारणाची एक ओळ सक्तीची करावी. ती लिहिल्यावांचून बटण दबूंच नये. जुनी व नवी प्रत लेखकास शेजारीं शेजारीं पाहतां यावी. आणि नकारास उत्तर देण्याची जागा लेखकास असावी.

यावर शिक्षक म्हणतील कीं, पालकांचा व व्यवस्थापकांचा रोष आम्हांस सोसावा लागतो. प्रत्येक कारण लिहून देणें शक्य नसतें. ही अडचण खरी आहे. एखाद्या मुलाच्या घरची नाजूक गोष्ट असेल, तर कारण सर्वांस दिसूं नये. तें केवळ लेखकास कळावें. परंतु जें कारण लेखकासही सांगतां येत नाहीं, तें बहुधा कारण नसून सोय असते, असा आमचा समज आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाटीवरची चूक ओल्या फडक्यानें पुसली जाई. यंत्र मात्र कांहीं विसरत नाहीं. मुलाचें प्रत्येक कच्चें वाक्य आणि त्यावरील प्रत्येक शेरा जन्मभर राहिला, तर चुकण्याचा जो हक्क शिकणाऱ्यास असतो, तोच नाहींसा होईल. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक केली आहे. परंतु संमतीनें प्रश्न पुरता मिटत नाहीं. संपादनाचा इतिहास त्या कक्षापुरताच राहावा, आणि वर्ष संपल्यावर पुसला जावा. प्रसिद्ध झालेल्या मजकुराची दुरुस्ती मात्र उघड राहावी. कारण ती वाचकाची मालमत्ता आहे.

साधनांनीं माणसें सज्जन होत नाहींत, हें आम्ही जाणतों. सक्तीच्या ओळींत ‘योग्य वाटत नाहीं’ एवढें लिहून मोकळा होणारा निघेलच. परंतु तेवढें लिहितांनाही त्याला आपलें नांव खालीं दिसेल, आणि पुढच्या वेळीं तो क्षणभर थबकेल. आज ज्यांचा मजकूर थांबविला जात आहे, त्यांतलेच कांहींजण उद्यां संपादक, अधिकारी व सरपंच होऊन इतरांस ‘नाहीं’ म्हणणार आहेत. तें कसें म्हणावें, हें ते आजच पाहून ठेवीत आहेत.