थकलेला पहारेकरी

शत्रू घरात ठाण मांडून बसला असता पहारेकऱ्याने तलवार म्यान केली, तर आपण त्याला भेकड म्हणतो. हा निवाडा मला हल्ली घाईचा वाटतो.

अंधेरीपलीकडे जुहूला राहणाऱ्या अमिताभ बच्चन यांचेच पाहा ना! १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून आपल्याला ‘हिपॅटायटिस बी’ झाला आणि ७५ टक्के यकृत निकामी झाले, असे त्यांनीच सांगितले आहे. नवल हे, की हा विषाणू स्वतः यकृताचा घात सहसा करीत नाही. त्याने बळकावलेल्या पेशी हुडकून मारतात त्या आपल्याच टी-पेशी! युद्ध वर्षानुवर्षे रेंगाळले की त्या थकतात. जपानच्या होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेला पीडी-१ हा लगाम त्यांना आवरतो. शत्रू जिवंत राहतो खरा. पण तो लगाम एकाएकी तोडला, तर शत्रूबरोबर घरही जळण्याची भीती.

दमून गप्प बसलेल्याला बोल लावणे सोपे असते. त्याच्या गप्प बसण्याने काय वाचले, हे आधी पाहावे. आणि ही झुंज कुणावर येऊच न देणे, हे आपले त्याहून मोठे कर्तव्य! बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचलेली लस त्याचीच सुरुवात आहे.