ताटावरचा शिंपला आणि सौंदर्याचे प्रयोजन

जर्मनीतील माइसेनच्या कारखान्यात १७३७ ते १७४२ या काळात शिल्पकार योहान योआखिम केंडलर याने काउंट ब्र्यूलसाठी ‘हंस’ भोजनसंच घडवला. पोर्सेलिनच्या या दोन हजारांहून अधिक नगांवर हंसांसोबत शिंपले, डॉल्फिन आणि जलदेवता अवतरल्या.

वापराच्या वस्तूला अशी सजावट शोभते का? इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये सौंदर्याचे दोन प्रकार मांडले: मुक्त आणि प्रयोजनाशी बांधलेले. फुले व समुद्रातील कवचधारी जीव पहिल्यात येतात, इमारती दुसऱ्यात. ताटावरचा शिंपला दोन्हींत बसतो. आकृती म्हणून तो स्वतंत्र आनंद देतो. ताटाचा भाग म्हणून त्याने वाढण्याजेवण्यात अडथळा आणता कामा नये. केंडलरने ताटांवरचा उठाव उथळ ठेवला, त्यामुळे येथे अलंकार आणि उपयोग एकत्र नांदतात.