चुंबकाचा दृष्टांत

लोखंडात सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मुळातच असतात. परंतु त्यांची मुखे दशदिशांना असल्याने एकाचे बळ दुसऱ्याने नाहीसे होते. भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून प्रबळ विद्युत्प्रवाह क्षणमात्र सोडला, की ती एकमुख होतात. नवे द्रव्य आत शिरत नाही. प्रवाह थांबताच मऊ लोखंड बहुतांशी पूर्ववत होते. कठीण केलेले पोलाद मात्र ती दिशा धरून ठेवते. तथापि तेही सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर चुंबकत्व गमावते. निवाल्यावर त्यास पुन्हा प्रवाहाच्या सन्निध आणावे लागते.

दार्ष्टांतिक असे: साधकाच्या वृत्तीही अनेकमुखी असतात. सन्निधानी त्या एकमुख होतात, हे नवल नव्हे. सन्निधान अंतरल्यावर त्या तशाच राहतात काय, हीच कसोटी होय. म्हणून साधकाने आचारी दृढ व्हावे व क्रोधाच्या तापापासून स्वतःस जपावे.