शाईने लिहिलेला संशय

जे जुळते, तेवढ्यावरून ते खरे मानण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? हा प्रश्न आम्हांस एका अंककोड्याने घातला.

सुडोकू हे कोडे आता पुष्कळांच्या परिचयाचे आहे. १९७९ साली ते अमेरिकेतील एका मासिकात प्रसिद्ध झाले व १९८४ मध्ये जपानात पोहोचल्यावर त्यास आजचे नाव लाभले. एकूण घरे ८१. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या प्रत्येक चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावयाचे. नीट रचलेल्या कोड्यास उत्तर एकच असते. त्यासाठी निदान १७ अंक आधी दिलेले असावे लागतात, हे २०१२ साली संगणकाच्या साह्याने दाखविण्यात आले.

सोडविताना एखाद्या घरी ४ किंवा ७ असे दोन्ही अंक संभवतात. अधीर मनुष्य तेथे शाईने ७ लिहून मोकळा होतो. ही चूक तेथल्या तेथे दिसत नाही. पुढची वीस घरे बिनतक्रार भरतात आणि अखेरीस एका कोपऱ्यात एकाच ओळीत ९ हा अंक दोनदा येऊ लागतो. तेव्हा कोणता अंक खोटा, हे ओळखता येत नाही. कारण खरेखोटे सर्व एकाच शाईने लिहिलेले असते.

न्यायदर्शनाने सोळा पदार्थांत संशय, तर्क आणि निर्णय हे निरनिराळे मोजले आहेत, असे आमचे तीर्थरूप सांगत. 'असे मानले तर काय होईल' हे पाहणे म्हणजे तर्क. तो प्रमाणास साह्य करतो. स्वतः प्रमाण नव्हे. ७ मानून विरोध आला, तर तेथे ७ नाही हे सिद्ध होते. परंतु अद्याप विरोध आला नाही, एवढ्याने ७ सिद्ध होत नाही.

हे आम्ही ऐकले होते, पण कळले नव्हते. काही वर्षांपूर्वी देवळातील एक लहान समई दिसेनाशी झाली. दिवाबत्ती करणारा मुलगा त्या दिवशी लवकर घरी गेला होता. घरची गरिबी, समई पितळेची, सारे जुळले. आम्ही चारचौघांत त्याचे नाव घेतले. आठव्या दिवशी समई कोठीत परातींच्या मागे सापडली. घासण्यासाठी काढून ती तेथे ठेवणारे आम्हीच होतो.

आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच्या आईने पाणी दिले, बसावयास सांगितले. मुलगा मात्र पुन्हा कामावर आला नाही. तीर्थरूप इतकेच म्हणाले, "जुळले म्हणजे कळले नव्हे."

कोड्याचा कागद बिघडला तर दुसरा घेता येतो. मनुष्याच्या नावापुढे आपण जे लिहितो, ते आपली चूक कळल्यावरही लोकांच्या मनातून पुसले जात नाही. म्हणून जेथे दोन गोष्टी संभवतात, तेथे घर रिकामे ठेवण्यात कमीपणा नाही, असे आम्हांस वाटते. संशय येणे आपल्या हाती नसेल. तो शाईने लिहिणे मात्र आपल्याच हाती आहे.