पाणी निघून गेल्यावर उरणारा सांगाडा

दख्खनच्या काळ्या पाषाणात सच्छिद्र स्फटिकांचे निसर्गाने घडवलेले नमुने जागोजागी सापडतात, आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरीजवळचा मोमीन आखाडा हा परिसर त्यांपैकी मेसोलाइट या खनिजासाठी जगभरच्या खनिजसंग्राहकांना परिचित आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत विरघळलेली द्रव्ये आणून सोडली आणि त्यांतूनच केसासारख्या बारीक, पांढऱ्या सुयांचे झुबके वाढले. मेसोलाइट हे झिओलाइट कुळातले खनिज. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची त्रिमितीय जाळी आणि तिच्यातल्या अतिसूक्ष्म बोगद्यांत वसलेले धातूंचे आयन व पाण्याचे रेणू, ही या कुळाची खूण होय.

स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रॉनस्टेड यांनी 1756 मध्ये अशा खनिजाला फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा आतले पाणी उकळून ते फसफसले. 1840 मध्ये फ्रान्सच्या दामूर यांनी दाखवले, की पाणी घालवून दिले तरी स्फटिक ढासळत नाही आणि ते पाणी त्याला परतही घेता येते. पुढच्या साऱ्या विचाराचे बीज या साध्या निरीक्षणात होते, परंतु अणूंची मांडणी कळल्याशिवाय ते रुजणे शक्य नव्हते. 1930 मध्ये लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांच्या आधारे मेसोलाइटचे निकटचे भावंड असलेल्या नॅट्रोलाइटची रचना मांडली, तेव्हा पोकळी ही मोजता येण्याजोगी वस्तू झाली. नंतरच्या दशकांत झिओलाइट प्रयोगशाळेत घडू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेले ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक याच परंपरेतले असून, झायलीनच्या मिश्रणातून पॅराझायलीन अधिक मिळवण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. मात्र झिओलाइटमध्ये रसायनज्ञाला फार तर अनुनय करता येत होता. जाळीतल्या अणूंचे चतुष्फलक ठरलेले, ते जोडण्याचे कोन ठरलेले, त्यामुळे पोकळीचा आकार हवा तसा मागण्याची मुभा थोडीच होती.

ही मर्यादा ओलांडण्याची वाट मेलबर्नच्या रिचर्ड रॉबसन यांना विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची प्रतिमाने करवून घेताना दिसली. गोळ्यांवरील छिद्रांच्या जागा आधीच नेमल्या, की रेणूचा आकार आपोआप ठरत होता. मग खऱ्या अणूंच्या बाबतीतही तसेच का घडू नये? 1989 मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार भुजांचा एक सेंद्रिय रेणू यांतून हिऱ्याच्या धर्तीची, पण प्रशस्त पोकळ्यांची जाळी घडवली. कल्पना खरी ठरली. मात्र अशा रचना नाजूक होत्या, सहज कोसळत. आतले द्रव काढून घेतल्यावरही वायू आत-बाहेर करू देणारा सांगाडा 1997 मध्ये जपानचे सुसुमु कितागावा यांनी दाखवला, तर ओमर यागी यांनी 1999 मध्ये जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल यांतून घडवलेले एमओएफ-5 (एमओएफ म्हणजे धातू-सेंद्रिय सांगाडा) सुमारे 300 अंश सेल्सियसपर्यंत रिकामे राहूनही टिकले. (हे आम्ल पॅराझायलीनपासूनच बनते, म्हणजे एका सच्छिद्र पदार्थाने सुकर केलेल्या कच्च्या मालातून दुसऱ्याची भुजा तयार व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.) या तिघांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरी अडचण पुढे होती, आणि तिचे मूळ स्फटिकाच्या घडणीतच आहे. सुबक स्फटिक वाढण्यासाठी बंध जुळून पुन्हा सुटू शकले पाहिजेत, म्हणजे चुकीच्या जागी बसलेला घटक सुटून योग्य जागी बसतो; पण जो बंध असा सुटू शकतो, तो पाण्यानेही सुटतो. निव्वळ सेंद्रिय घटकांच्या, 2005 पासून घडू लागलेल्या सांगाड्यांना हा पेच विशेष भोवला. पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2012 मध्ये त्यावर चतुर तोड काढली: पहिली पायरी उलटणारी, जिच्यात स्फटिक आकार घेतो, आणि दुसरी न उलटणारी, जिच्यात रेणूतला हायड्रोजन जागा बदलून बंधाला कायमचे कुलूप घालतो. असा सांगाडा उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकला. नवा रेणू शोधण्यापेक्षा घडणीचा क्रम विभागण्याचा हा विचार, या क्षेत्रातील अनेक गाजलेल्या विक्रमांपेक्षा अधिक मोलाचा मानावा लागेल.

पाण्याशी असलेले हे वैर पुढे सख्यातही बदलले. यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये झिर्कोनियमयुक्त सांगाड्याच्या साह्याने अवघी 20 टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेतून पाणी मिळवता येते हे दाखवले, आणि किलोभर पदार्थामागे दिवसाला 2.8 लिटर पाण्याचा अंदाज मांडला. पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगरच्या वाचकाला ही बातमी मोहक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एका एकरात इंचभर पाणी उभे करायचे तर सुमारे एक लाख लिटर लागतात, त्यामुळे हे सांगाडे पिण्याच्या पाण्यापुरते उपयोगी पडू शकतील, आणि शेतीच्या पाण्याचा प्रश्न मात्र धरणे, पाझर तलाव आणि पिकांची निवड यांच्याच हद्दीत राहील.