तराजू

रोडेलच्या चर्चमध्ये शिरलो तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. मी आणि ग्लासगोहून सोबत आलेली माझी लेक, एवढीच.

स्कॉटलंडच्या हॅरिस बेटाच्या दक्षिण टोकाला हे सेंट क्लेमेंटचं चर्च सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलं मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखाने, अलास्डेर क्रोटाखने. क्रोटाख म्हणजे कुबडा. लढाईतल्या जखमेने पाठ वाकली, असं सांगतात. कमानीखाली त्याची चिलखत घातलेली काळी दगडी मूर्ती उताणी पहुडली आहे. लॅटिन लेखात साल आहे १५२८. अलास्डेर वारला तो त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. म्हणजे एवढी वर्षं प्रार्थनेला आला की स्वतःचं थडगं समोर! माझ्या आजीने काशीहून आणलेला गंगेचा गडू शेवटच्या घोटासाठी देव्हाऱ्यात जपला होता. रोज पूजेच्या वेळी तो तिच्या नजरेसमोर असे. म्हणून मला यात बडेजाव दिसला नाही.

मूर्तीमागच्या भिंतीवर त्याचं सारं ऐश्वर्य कोरलं आहे: शिडाचं गलबत, किल्ला, हरणाची शिकार. मध्ये बाळ येशूला घेतलेली मेरी. आणि एका चौकटीत देवदूत मायकेल आणि सैतान आत्मा तोलताहेत. मी तिथेच खिळून उभा राहिलो. गेलिक भाषेत कुळाला ‘क्लान’ म्हणतात, म्हणजे लेकरं. नावापासून तलवारीपर्यंत सगळं कुळाचं; पण पारड्यात जायचं ते एकट्याने. मग कूळ तिथे काय कामाचं?

त्या काळच्या श्रद्धेत याला उत्तर होतं. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली की गेलेल्याचे भोग हलके होतात. म्हणून तर थडगं चर्चच्या आत हवं. पुढे १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली, मिस्सा बंद केली. नव्या धर्ममताने मृतांसाठीची प्रार्थनाही निष्फळ ठरवली. चर्च ओस पडलं. १७८४ च्या सुमारास त्याच वंशातल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅक्लाउडने ते दुरुस्त केलं.

नवं मत कठोर आहे, पण प्रामाणिक आहे, हे मी मानतो. तरी दर सर्वपित्रीला वडिलांच्या नावाने पान वाढताना, ते त्यांना पोहोचत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उसनं पुण्य चालत नसेल. पण ज्याच्यासाठी कुणी हात जोडावेत असं जो जगला, त्याचं ते जगणं पारड्यात धरायचं की नाही?

लेक जवळ आली. “बाबा, काय बघताय एवढं?”

मी तिला तराजू दाखवला. तिने हात जोडले.